काळ्यावर पांढरे

मोटारीच्या बाह्यांगावर दिसणारे बहुतेक डाग मालकाच्या हयगयीची साक्ष देतात. चिखलाचे शिंतोडे, झाडाखाली गाडी लावल्याबद्दल पक्ष्यांनी मारलेले शिक्के, नव्या डांबरी रस्त्यावरून गेल्याचे काळे ठिपके, हे सारे हात न लावल्यामुळे राहतात आणि हात लावल्यावर जातात. एक डाग मात्र असा आहे की जो केवळ काळजी घेणाऱ्याच्याच गाडीवर पडतो: रंगीत पत्र्याला पॉलिश किंवा वॅक्स लावताना हात घसरून शेजारच्या काळ्या प्लास्टिकवर गेला, तेथे ते द्रव्य वाळले आणि काळ्यावर पांढरा पट्टा उमटला, तर तो पट्टा पुढे पावसाला, बादलीला आणि पश्चात्तापाला सारखाच दाद देत नाही. ज्या गृहस्थाने गाडी घेतल्यापासून तिला पाण्याखेरीज काहीही दाखवलेले नाही, आणि तेही बहुधा जूनमध्ये व आकाशातून, त्याचा बंपर या व्याधीपासून पूर्णपणे मुक्त असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशा दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या म्हणजे पाहणाऱ्याला कष्ट करणाऱ्याचीच गाडी अधिक मळकी वाटते, आणि त्या वेळी कष्ट करणाऱ्याच्या मनात शेजाऱ्याविषयी जी भावना निर्माण होते तिला शास्त्रीय नाव न दिलेले बरे.

हा प्रकार मोटारीच्या ज्या भागावर घडतो त्याला व्यवसायात ट्रिम म्हणतात, म्हणजे रंगीत पत्र्याच्या कडेने बसवलेले आणि बहुधा न रंगवलेले काळे प्लास्टिक व रबर. बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, वायपरखालची जाळी, आरशांची बैठक, काचेभोवतीचे बीडिंग आणि दारांच्या तळाशी धावणारी ती जाड पट्टी, जिला क्लॅडिंग असे भारदस्त नाव आहे, हे सर्व त्यात येते. क्लॅडिंगचे मूळ प्रयोजन पत्र्याला दगडधोंडे, काटेकुटे आणि चिखल यांच्यापासून वाचवणे हे आहे. कच्च्या वाटेवर चाकाने उडवलेला खडा रंगावर न बसता या प्लास्टिकवर बसावा आणि त्याचे कोणाला काही वाटू नये, अशी ती योजना. प्रत्यक्षात अशा दणकट रूपाच्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या आयुष्यात पाहतात तो सर्वांत बिकट प्रदेश म्हणजे मॉलच्या तळघरात उतरणारा वळणदार उतार, आणि त्यांच्या क्लॅडिंगवर चालून येणारा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रविवारी सकाळी हातात स्पंज घेऊन उभा असलेला त्यांचा मालक. पत्र्याचे रक्षण वॅक्सने करायचे, पत्र्याचे रक्षण क्लॅडिंगनेही करायचे, आणि मग वॅक्सपासून क्लॅडिंगचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न मोटार बनवणाऱ्यांनी गाडीच्या किल्लीबरोबरच मालकाच्या हवाली केलेला दिसतो.

जुन्या गाड्यांना हा प्रश्न पडला नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढेमागे क्रोमचा मुलामा दिलेले पोलादी बंपर असत, आणि क्रोमचा पृष्ठभाग इतका घट्ट व गुळगुळीत असतो की त्यावर सांडलेले पॉलिश कोरडे फडके एकदा फिरवले की निघते. पद्मिनीच्या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप 2023 च्या ऑक्टोबरअखेर घेतला; गंज, धूर आणि गियरची कुरकुर यांची तिला दीर्घ ओळख होती, पण पांढऱ्या पट्ट्याशी तिचा परिचय कधी झाला नाही. 1972 मध्ये बाजारात आलेल्या रेनो 5 या लहानशा फ्रेंच मोटारीने करड्या प्लास्टिकचे बंपर मिरवून नवी वाट दाखवली, आणि भारतात 1983 च्या डिसेंबरमध्ये मारुती 800 रस्त्यावर आल्यानंतर पुढच्या काही वर्षांत काळा प्लास्टिकचा बंपर मध्यमवर्गाच्या घरचा झाला. क्लॅडिंगच्या हव्यासाला अमेरिकेत एकदा चांगलीच चपराकही बसली: पॉन्टियाकची ॲझ्टेक ही गाडी 2000 साली लोकांसमोर आली तेव्हा तिच्या कंबरेपासून खालच्या करड्या प्लास्टिकची इतकी टिंगल झाली की 2002 च्या मॉडेलपासून ते गाडीच्याच रंगात रंगवावे लागले. तरीही हव्यास गेला नाही. रंगवलेल्या बंपरपेक्षा न रंगवलेला बंपर स्वस्त पडतो, आणि स्वस्त वस्तूला साहसी म्हणून विकता आले तर कोणता कारखानदार ती संधी सोडील?

या काळ्या भागांचे मुख्य द्रव्य पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक असते. इटलीतील मिलान येथे जुलिओ नाट्टा यांनी 1954 मध्ये त्याची नियमित रचना असलेली जात तयार केली, आणि 1963 मध्ये त्यांना कार्ल झीगलर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लास्टिक हलके म्हणजे पाण्यावर तरंगण्याइतके हलके असते, त्यात थोडे रबर मिसळले की ठोकर सोसण्याइतके चिवट होते, आणि त्याचा एक स्वभाव असा की रंग, शाई, गोंद यांपैकी कोणालाही ते सहजासहजी अंगाला चिकटू देत नाही. रंगवायचेच झाले तर आधी त्याच्यावर विशेष अस्तर द्यावे लागते. मात्र मेणाशी त्याचे वागणे घरच्यासारखे असते, कारण दोघांचेही रेणू कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्यांचे असून दोघेही पाण्यापासून फटकून राहणाऱ्या एकाच कुळातले आहेत. ज्याला रंग चिकटावा म्हणून रसायनतज्ज्ञांनी आयुष्ये खर्ची घातली, त्याला रविवारच्या सकाळी नको असताना वॅक्स चिकटते.

कुळाचा संबंध एकवेळ तोडता आला असता, पण त्यात भर पडते ती नक्षीची. काळे प्लास्टिक गुळगुळीत ठेवले तर त्यावर नखाचा ओरखडाही दिसतो, म्हणून साच्याच्या आतल्या बाजूवर चामड्याच्या सुरकुत्यांसारखी बारीक नक्षी कोरलेली असते आणि ती प्रत्येक बंपरवर उमटते. या नक्षीतील खळग्यांची खोली मायक्रॉनमध्ये मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस अदमासे 70 मायक्रॉन जाड असतो. खळगे साधारण केसाच्या जाडीच्या हिशेबातले असतात, म्हणजे डोळ्याला त्यांचा केवळ खरखरीतपणा कळतो आणि पॉलिशला मात्र त्यांत ऐसपैस बसता येते. फडके घेऊन कितीही जोर लावला तरी ते नक्षीच्या उंचवट्यांवरून सरकत जाते, उंचवटे लखलखीत करते आणि खळग्यातल्या ऐवजाला धक्काही लावत नाही. उलट फडक्यावर आधीच लागलेले थोडे पॉलिश जाता जाता तेथे आणखी भरून ठेवते. पहिल्या प्रयत्नानंतर डाग वाढल्यासारखा वाटतो याचे कारण तो खरोखरच वाढलेला असतो.

आता डागाच्या द्रव्याकडे वळता येईल. बाजारात ज्या सगळ्याला सरसकट पॉलिश म्हणतात त्यात वस्तुतः दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिश म्हणजे घासण्याचे साधन: ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण द्रव्याची अतिसूक्ष्म भुकटी तेल, पाणी आणि त्या दोहोंना एकत्र नांदवणारे साबणी द्रव्य यांत कालवलेली असते, आणि ती रंगाचा वरचा अगदी पातळ थर झिजवून बारीक चरे नाहीसे करते. वॅक्स म्हणजे त्यानंतर चढवायचा मेणाचा थर. या मेणांमध्ये प्रतिष्ठेचे स्थान कारनौबाला आहे. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात वाढणारा एक ताड आपल्या पानांतील ओल उन्हाने उडून जाऊ नये म्हणून पानांवर हे मेण धरतो; माणसे ती पाने तोडतात, वाळवतात, झोडपतात आणि झडलेली भुकटी वितळवून विकतात. ते 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे वनस्पतिजन्य मेणांत ते फारच ताठ कण्याचे आहे. त्याच्या मोहापायी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या रसीन गावचे मेणाचे कारखानदार एच. एफ. जॉन्सन 1935 मध्ये पाण्यावर उतरू शकणाऱ्या सिकॉर्स्की विमानाने थेट ब्राझीलच्या फोर्तालेझापर्यंत गेले होते. हेच मेण चॉकलेटच्या गोळ्यांवर आणि औषधाच्या गोळ्यांवर चकाकी आणण्यासाठीही वापरतात. तेव्हा ज्याने बंपरवर सांडलेल्या वॅक्सपायी डोके दुखते म्हणून गोळी घेतली, त्याने कदाचित त्याच ताडाचा थोडा अंश गिळलेला असतो.

हे मेण पातळ थरात पारदर्शक, तेल पारदर्शक, आणि तरीही डाग पांढरा, हे कसे? खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो आणि कुटून तिची पिठीसाखर केली की ती शुभ्र दिसते. कणांच्या असंख्य पृष्ठभागांवरून आणि कणांमधल्या हवेतून प्रकाश इतक्या दिशांना विखुरतो की सर्व रंग एकत्र परत येतात, आणि सर्व रंग एकत्र म्हणजे पांढरा. पॉलिशमधले पाणी व हलके तेल उडून गेले की खळग्यात उरलेल्या भुकटीचे आणि तडकलेल्या मेणाचे नेमके हेच होते, आणि पार्श्वभूमी काळी असल्यामुळे त्या पांढऱ्याला आपले अस्तित्व लपवण्याची कोणतीही सोय राहत नाही. रुपेरी किंवा पांढऱ्या पत्र्यावर सांडलेले तेवढेच पॉलिश वर्षभर कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

यातूनच या विषयातील सर्वांत मोठी फसगत जन्माला येते. डागावर पाणी मारले की तो क्षणात नाहीसा होतो. प्रकाश एका द्रव्यातून दुसऱ्यात शिरताना किती वळतो हे सांगणाऱ्या आकड्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा अपवर्तनांक 1, पाण्याचा 1.33, मेणाचा सुमारे 1.45 आणि पॉलिप्रॉपिलीनचा 1.49 असतो. कणांमध्ये हवेच्या जागी पाणी शिरले की हा फरक घटतो, प्रकाश विखुरणे कमी होते आणि काळा रंग पुन्हा काळा दिसू लागतो. मालक बादली खाली ठेवतो, दोन पावले मागे सरतो, समाधानाने मान डोलावतो आणि चहा प्यायला वर जातो. चहा संपेपर्यंत पाणी वाळते, आणि खिडकीतून पाहिले असता डाग आपल्या जागी, किंचित अधिक स्वच्छ होऊन, उभा असतो.

महाराष्ट्रात या व्याधीचा हंगामही ठरलेला आहे. खंडेनवमीला हत्यारांची व अवजारांची आणि दसऱ्याला वाहनांची पूजा होते, म्हणून त्याआधीच्या आठवड्यात पावसाळाभर चिखल खाल्लेल्या गाड्या धुऊन, घासून, चकचकीत करण्याची लाट येते. एरवी रोज पहाटे बादलीभर पाण्यात सोसायटीतल्या दहा गाड्या पुसून जाणाऱ्या पोऱ्याच्या हातातही त्या आठवड्यात पॉलिशची डबी दिसते. दुर्दैवाने हाच काळ ऑक्टोबरच्या उन्हाचा. पॉलिश सावलीत आणि गार पत्र्यावर लावावे असे डबीवर लिहिलेले असते, पण सोसायटीत सावलीची जागा अध्यक्षांच्या गाडीला मिळालेली असते. मग तापलेल्या पत्र्यावर पॉलिश फासले की पुसण्याआधीच ते वाळते, आणि कडेच्या प्लास्टिकवर, जे काळे असल्याने पत्र्याहूनही अधिक तापलेले असते, ते भाजून बसते. दुसऱ्या दिवशी बंपरला झेंडूची माळ बांधल्यामुळे प्रकरण झाकले जाते आणि माळ सुकून गळेपर्यंत, म्हणजे साधारण कोजागिरीपर्यंत, घरात शांतता नांदते.

त्यानंतर उपायांचा शोध सुरू होतो, आणि या क्षेत्रात जितके सल्लागार आहेत तितके पंथ आहेत. सर्वांत मोठा पंथ तेलाचा. अमेरिकेत पीनट बटर, म्हणजे शेंगदाण्याचे लोणी, हा उपाय बराच लोकप्रिय असून त्यामागचा विचार अगदीच टाकाऊ नाही: शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते, ते मेणाला मऊ करते, आणि वाटलेल्या दाण्यांचे कण सौम्यपणे घासण्याचे काम करतात. मात्र जेथे शेंगदाण्याच्या कुटाशिवाय उपवास पार पडत नाही आणि सोलापुरी चटणीचा डबा हा पाहुणचाराचा मानाचा भाग समजला जातो, तेथे तो पदार्थ बंपरला चोळण्याचा प्रस्ताव घरात मांडणे धैर्याचे काम आहे; आणि धैर्य झाले तरी मुंग्यांचा प्रश्न उरतोच.

म्हणून मराठी माणूस खोबरेल तेलाकडे वळतो. तेल लावताच डाग जातो, प्लास्टिक नव्यासारखे काळेभोर होते, आणि पाण्यासारखे ते तासाभरात वाळतही नाही. कारण तेलाचा अपवर्तनांक मेणाच्या फारच जवळचा असतो, डाग काढण्याऐवजी ते त्याला दृष्टीआड करते आणि उडून न गेल्यामुळे बरेच दिवस दृष्टीआड ठेवते. (पॉलिशमधल्या कठीण भुकटीपुढे मात्र तेलाचीही पुरती मात्रा चालत नाही.) दिवाळी अशा रीतीने निर्धास्त जाते. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास गोठते हे स्नानगृहातील बाटलीवरून प्रत्येकाला ठाऊक असते, पण ज्ञानाचा उपयोग एका खोलीतून दुसरीकडे नेण्याची माणसाला सवय नसते. डिसेंबरमधल्या एखाद्या सकाळी पुण्याचा पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, मालक स्वेटर घालून खाली येतो, आणि क्लॅडिंगवर पांढरा पट्टा हजर असतो, या वेळी पूर्वीपेक्षा रुंद, कारण तेल सढळ हाताने आणि आजूबाजूलाही लावलेले असते. वॅक्स परत आले अशी त्याची समजूत होते, तो आणखी तेल लावतो, आणि फेब्रुवारीत थंडी ओसरल्यावर उपाय अखेर लागू पडला असे सर्वांना सांगतो. तोवर त्या तेलावर रस्त्याची धूळ बसून पट्टा तपकिरी झालेला असतो, हे तो रंगातील नैसर्गिक फरक मानतो.

बूट-पॉलिशचा पंथ याहून धाडसी आहे. पांढऱ्यावर काळे फासले की झाले, इतके त्याचे तत्त्वज्ञान सरळ असते. परंतु बूट-पॉलिश हेही मूलतः मेण, टर्पेंटाइनसारखे द्रावक आणि काळा रंग यांचेच मिश्रण असून त्यात कित्येकदा कारनौबाही असते. म्हणजे नको असलेल्या मेणावर हवे असलेले मेण चढवण्याचा हा प्रकार आहे. त्याची खरी कसोटी पाहुण्यांच्या वेळी लागते. पांढरी विजार घातलेले ज्येष्ठ नातेवाईक गाडीत शिरताना पोटरी दाराखालच्या क्लॅडिंगला टेकवतात आणि मंगल कार्यालयात उतरून अक्षता घ्यायला उभे राहतात, तेव्हा विजारीवरच्या काळ्या पट्ट्याचे मूळ शोधण्याची जबाबदारी गाडीच्या मालकावर येते.

द्रावकांचा पंथ तेलवाल्यांकडे तुच्छतेने पाहतो, कारण त्याला डाग झाकायचा नसून विरघळवायचा असतो, आणि तत्त्वतः त्याचे बरोबर आहे. सजातीय द्रव्य सजातीय द्रव्यात विरघळते, त्यामुळे मेणाला रॉकेल, डिझेल किंवा रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन विरघळवते. पहारेकऱ्याचा सल्ला बहुधा या वर्गातला असतो आणि तो न विचारता मिळतो. अडचण अशी की फडके एका पट्टीपुरते थांबत नाही. काचेभोवतीचे बीडिंग ज्या ईपीडीएम नावाच्या रबराचे असते ते ऊन आणि पाऊस उत्तम सोसते, पण खनिज तेलात फुगते, आणि फुगलेले बीडिंग पुढच्या जूनमध्ये पाणी आत सोडून आपली बाजू मांडते. करोनाच्या काळात घरोघरी उरलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्यांनाही या निमित्ताने काम मिळाले. अल्कोहोल पॉलिशमधले तेल काही अंशी उचलते, परंतु कारनौबा थंड अल्कोहोलला फारशी किंमत देत नाही. शिवाय हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या सूत्रातच 1.45 टक्के ग्लिसरॉल होते, ते मागे राहते आणि बंपरची त्वचा मुलायम ठेवते.

उष्णतेच्या पंथाविषयी थोडक्यात सांगायचे तर त्यात दोन टोके आहेत. गिझरच्या पाण्याने कारनौबा वितळत नाही, जरी मऊ मेणांवर त्याचा थोडा परिणाम होतो. आणि रंग खरवडण्यासाठी वापरली जाणारी गरम हवेची बंदूक 500 अंशांच्या वर जाते, तर पॉलिप्रॉपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळते. हात किंचित रेंगाळला की मेण आणि नक्षी दोन्ही एकदम नाहीशी होतात. डाग गेला हे नाकारता येत नाही.

या सर्व गदारोळात जो उपाय प्रत्यक्षात लागू पडतो तो इतका साधा आहे की त्याला कोणी पंथाचा मान दिला नाही. डाग ताजा आणि कोरडा असेल तर शाळेच्या दप्तरातले पांढरे खोडरबर पुष्कळदा पुरते. जोसेफ प्रीस्टली यांनी 1770 मध्ये शिशाच्या खुणा रबराने पुसल्या जातात असे नमूद केले तेव्हा बंपर नव्हते, पण क्रिया तीच आहे, म्हणजे मऊ रबर खळग्यात दबते, भुकटीला आपल्या चुऱ्यात गुंडाळते आणि चुरा झटकला की ती निघून जाते. डाग जुना असेल तर कोमट पाणी, तेलकटपणा काढणारा क्षारधर्मी क्लीनर, म्हणजे साबणाच्या कुळातले पण अधिक जहाल द्रावण, आणि मऊ दातांचा जुना टूथब्रश एवढी सामग्री लागते. द्रावण मारून ते मिनिटभर मुरू द्यायचे. मग ब्रश आडवा रेटायचा नाही, तर त्याचे केस खळग्यांत उतरतील असा हलक्या हाताने गोल फिरवायचा. थोड्या वेळात फेसाचा रंग दुधाळ करडा होतो, आणि तो रंग म्हणजेच डाग, जो आता प्लास्टिकमध्ये नसून फेसात आहे. येथे बहुतेक लोक फेसाकडे पाहत कौतुकाने थांबतात, आणि तेवढ्यात फेस वाळून सगळा ऐवज मूळ खळग्यांत परततो. फेस ओला असतानाच कोरड्या मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्यायचा, घासायचा नाही, आणि हातभर पट्टी झाली की पुढची हातभर पट्टी घ्यायची. एका चाकाच्या कमानीला अर्धा तास सहज लागतो. गाड्यांना चार चाके असतात. वापरलेला टूथब्रश पुन्हा स्नानगृहातील पेल्यात ठेवू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण आहे.

एवढे करूनही काहींचा पांढरेपणा हटत नाही, कारण तो वॅक्सचा नसतोच. काळ्या प्लास्टिकमध्ये रंगासाठी आणि उन्हापासून बचावासाठी काजळी मिसळलेली असते, तरी वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या प्लास्टिकचे वरचे रेणू अतिनील किरणांनी तुटतात आणि पृष्ठभाग खडूसारखा करडा पडतो. ओले केले की तोही काळा दिसतो, म्हणून पाण्याच्या चाचणीवर विसंबता येत नाही. आकारावरून मात्र निदान होते. वॅक्सचा डाग पत्र्याच्या कडेला धरून, स्पंजच्या कमानदार फटकाऱ्यांत असतो आणि नीट पाहिले तर त्यात बोटांची दिशा ओळखू येते. उन्हाचा करडेपणा सर्वत्र सारखा आणि आकाशाकडे तोंड केलेल्या भागावर अधिक असतो. जो मालक दुसऱ्या प्रकाराला पहिला समजतो तो सूर्याने केलेले काम टूथब्रशने पुसण्याचा प्रयत्न करीत अनेक रविवार घालवतो, आणि त्याच्या चिकाटीपुढे मान तुकवावी लागते.

वास्तविक या साऱ्या विद्येची गरज पडू नये अशी व्यवस्था गेली शंभर वर्षे उपलब्ध आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची लाट होती, आणि दोन रंगांची सीमारेषा सरळ यावी म्हणून रंगारी कागद चिकटवत, जो काढताना रंगही सोबत घेऊन निघे. मिनेसोटातील एका सॅंडपेपरच्या कंपनीत, म्हणजे आजच्या थ्रीएममध्ये, काम करणारे रिचर्ड ड्रू सॅंडपेपरचे नमुने घेऊन रंगाऱ्यांकडे जात असत. तेथे चाललेली शिवीगाळ ऐकून त्यांनी 1925 मध्ये सहज निघणारी मास्किंग टेप तयार केली. ही टेप पॉलिशआधी ट्रिमच्या कडेने चिकटवली तर पुढचे काहीच घडत नाही. ती हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळते आणि गाडीभर लावायला पंधरावीस मिनिटे पुरतात. पण पॉलिश करायला निघालेला माणूस उत्साहात असतो आणि उत्साही माणसाला आपला हात सरळ जाईल याची खात्री असते; जो थोडा सावध असतो तो टेप लावतो, पॉलिश करतो, दमतो, टेप काढण्याचे काम संध्याकाळवर टाकतो, आणि दिवसभराच्या उन्हाने टेपचा गोंद प्लास्टिकवर उतरून तेथे एका निराळ्या अभ्यासविषयाची पायाभरणी होते.

मोटार बनवणाऱ्यांनी अलीकडे खरखरीत नक्षीच टाळून दारांच्या खांबांवर आणि आरशांवर पियानो ब्लॅक नावाचे आरशासारखे चकचकीत काळे प्लास्टिक बसवायला सुरुवात केली आहे. त्यावर वॅक्स अडकून राहत नाही; कोरडे फडके फिरवले तरी चरे पडतात, आणि ते घालवायला पॉलिशच लागते. खरखरीत ट्रिमसाठी दुसरीकडे खास लेप निघाले आहेत, जे खळगे आधीच भरून टाकतात, प्लास्टिकला कित्येक महिने काळे ठेवतात आणि पुढे सांडणारे वॅक्स आत शिरू देत नाहीत. त्यांची किंमत बाटलीच्या आकाराच्या मानाने विस्मयकारक असते आणि लावण्याची रीत बारीक अक्षरांत दिलेली असते. त्यातली सूचना बहुधा अशी असते की हा लेप शेजारच्या रंगीत पत्र्यावर वाळू देऊ नये, कारण वाळल्यास त्याचा डाग पडतो, आणि तो डाग काढण्यासाठी पॉलिश वापरावे.